नांगर, वही आणि ईआरपी : कॉम्प्युटर नसताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना कसा जोडला?

पनवेलहून तळोजा एमआयडीसीच्या दिशेने निघालात की दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने दिसतात. गेटवर ट्रक उभे असतात, आत मशीन चालू असतात. आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीची पाळी आहे आणि सकाळी माल पाठवायचा आहे. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर दिसतंय की २०० बेअरिंग शिल्लक आहेत, पण रॅकवर हात घातला तर ४० सुद्धा निघत नाहीत. सुपरवायझर स्टोअरवाल्याला फोन करतो, स्टोअरवाला खरेदी विभागाकडे बोट दाखवतो आणि खरेदीवाला झोपलेला असतो. ट्रक सकाळपर्यंत तसाच उभा राहतो.

कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, असा प्रसंग कधी ना कधी आलेलाच असतो. यावर उपाय म्हणून एक नाव हमखास ऐकू येतं : ईआरपी. तुमच्यापैकी अनेकजण डिप्लोमा किंवा बी.कॉम. झाल्यावर अशाच कारखान्यात स्टोअर, अकाउंट्स नाहीतर डिस्पॅचला लागतील आणि पहिल्याच दिवशी समोर ईआरपीची स्क्रीन येईल. म्हणून हे नेमकं काय प्रकरण आहे ते आज समजून घेऊया. पण थोड्या वेगळ्या वाटेने. ज्या माणसाने आयुष्यात कधी कॉम्प्युटर वापरला नाही, त्याच्या आयुष्यातून. त्या माणसाचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

आधी दोन मिनिटांत ईआरपी

ईआरपी म्हणजे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग. नाव जड आहे, पण कल्पना सोपी आहे. कारखान्यात विक्री, स्टोअर, खरेदी, उत्पादन, अकाउंट्स असे विभाग असतात. प्रत्येकाची वेगळी वही किंवा वेगळी एक्सेल शीट असली की प्रत्येकाचं सत्यही वेगळं होतं. ईआरपीमध्ये सगळ्यांची माहिती एकाच डेटाबेसमध्ये जाते. एकाने नोंद केली की ती सगळ्यांना दिसते.

एक उदाहरण घेऊ. समजा ५० नांगरांची ऑर्डर आली. एका नांगराला ८ बोल्ट लागतात असं धरू. म्हणजे एकूण ४०० बोल्ट हवेत. स्टोअरमध्ये ३१० आहेत. सॉफ्टवेअर स्वतःच हिशोब करून सांगतं की ९० कमी आहेत. बोल्ट यायला चार दिवस लागतात हेही त्याला माहीत असतं, त्यामुळे खरेदीची ऑर्डर कधी टाकायची ते तारखेसकट सांगतं. एका वस्तूला कोणकोणते भाग किती लागतात याच्या यादीला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. ही यादी, शिल्लक साठा आणि वेळ या तीन गोष्टी जोडणं हाच ईआरपीचा गाभा. पुढे माल तयार झाला की साठा वाढतो, चलन निघालं की साठा कमी होतो, बिल झालं की अकाउंट्समध्ये येणं दिसतं. मालकाला हे सगळं मोबाइलवर बघता येतं.

ऐकायला मस्त वाटतं ना? मग स्क्रीनवर २०० आणि रॅकवर ४० हे कसं होतं? या प्रश्नाचं उत्तर मनात ठेवून आता सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जाऊ.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. घरात यंत्रांचा काही वारसा नव्हता. पण मुलाला दोन गोष्टींची ओढ होती, चित्रं काढायची आणि यंत्रं बघायची. चित्रकला शिकायला ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही. म्हणजे ते अंशतः रंगांध होते. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच थांबलं.

पण हात चांगला होता. रेघ सरळ यायची, मापं अचूक यायची. मग त्यांनी यांत्रिक ड्रॉइंगकडे मोर्चा वळवला. त्यात रंगाचं काम नाही, सगळा खेळ मापांचा. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण आज ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तिथे, ते हेच शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथली यंत्रं समजून घेतली.

काही वर्षांनी बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. पगाराची, पक्की, मुंबईतली नोकरी. आजही अशी नोकरी सोडताना घरच्यांना काय वाटेल याचा विचार दहा वेळा होतो, मग तेव्हा काय झालं असेल बघा.

दोन भाऊ, एक दुकान

नोकरी सोडून ते बेळगावला परतले तेव्हा हात अगदी रिकामे नव्हते. १८८८ सालीच किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने एक धंदा सुरू झालेला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवायचे आणि थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामुअण्णा, बेळगावात विकायचे. तेव्हा सायकल ही चैनीची वस्तू होती. किंमत ७०० ते १,००० रुपये. आज आपण आयफोनकडे बघतो तसं लोक तिच्याकडे बघत असणार. नुसती सायकल विकून भागत नव्हतं, कारण ती चालवायची कशी हेच लोकांना माहीत नव्हतं. मग १५ रुपये फी घेऊन सायकल शिकवायचं कामही या भावांनी केलं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

या छोट्या धंद्यातसुद्धा तीन गोष्टी एकमेकींना धरून चालल्या होत्या : मुंबईतली खरेदी, बेळगावातली विक्री आणि गिऱ्हाइकाला नंतर दिलेली मदत. मुंबईत किती सायकली घ्यायच्या हे बेळगावात किती खपतात यावर ठरणार. निरोप पत्राने जाणार, कारण दुसरा मार्गच नव्हता. खरेदी आणि विक्री यांच्यात चुकीचा निरोप गेला तर हजार रुपयांची सायकल दुकानात धूळ खात पडणार. दोन गावं, दोन भाऊ, पण हिशोब एक. ईआरपी ज्याला मल्टी-लोकेशन म्हणतं ते याहून फार वेगळं नाही.

साठा दिसतो, कारण दिसत नाही

सायकलींवर लक्ष्मणरावांचं मन रमणारं नव्हतं. त्यांना वस्तू विकायच्या नव्हत्या, बनवायच्या होत्या. बेळगावात छोटासा वर्कशॉप उभा राहिला. आजूबाजूला सगळा शेतकरी समाज. त्याला काय लागतं? जनावरांसाठी कडबा कापायचं यंत्र लागतं, ते त्यांनी बनवलं. मग लोखंडी नांगर हाती घेतला. तोपर्यंत आपल्याकडे लाकडी नांगर चालायचा आणि लोखंडी नांगर परदेशातून यायचे.

नांगर तयार झाले, पण विकले जाईनात. शेतकऱ्यांच्या मनात भीती होती की लोखंडामुळे जमिनीत विष पसरेल आणि ती नापीक होईल. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! इथे थोडं थांबून विचार करा. लोखंडाचे पैसे गेलेत, कोळशाचे गेलेत, कारागिरांचा पगार दर महिन्याला जातोय आणि तयार माल गोदामात पडून आहे. आजच्या भाषेत याला फिनिश्ड गुड्सचा अडकलेला साठा म्हणतात. ईआरपीच्या डॅशबोर्डवर हा आकडा लाल रंगात दिसला असता. किती नांगर, किती दिवस, किती रुपये अडकलेत, सगळं कळलं असतं. पण का अडकलेत हे त्या स्क्रीनवर दिसलं नसतं. कारण ते कारण कारखान्यात नव्हतंच, शेताच्या बांधावर होतं.

लक्ष्मणरावांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने साठा बघून उत्पादन बंद केलं असतं आणि आकड्यांच्या दृष्टीने ते बरोबरही ठरलं असतं. लक्ष्मणरावांनी धंदा बंद केला नाही. खोट नांगरात नसून लोकांच्या मनातल्या शंकेत आहे हे कळल्यावर उत्तरही बदलतं. मग भट्टीत काही बदलून उपयोग नसतो, बांधावर जाऊन नांगर चालवून दाखवावा लागतो. एकदा जमीन चांगली उलटते, पीक नीट येतं हे काही शेतकऱ्यांना दिसलं की बाकीचे आपोआप विचारत येतात. हळूहळू तसंच झालं आणि किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्रात घराघरात माहीत झाला.

ही गोष्ट ईआरपी शिकणाऱ्याने पहिल्यांदा लक्षात ठेवायची. सॉफ्टवेअर तुम्हाला काय झालं ते सांगतं. का झालं ते विचारायला खुर्चीतून उठावं लागतं.

पुन्हा शून्यातून

नांगरांचा जम बसतोय तोच नवं संकट आलं. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. यंत्रं, साचे, कामगार, त्यांची कुटुंबं घेऊन जायचं कुठे?

तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज त्यांनी दिलं. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि सापांनी भरलेलं माळरान. पण रेल्वे शेजारी होती. कच्चं लोखंड आणायचं आणि तयार नांगर पाठवायचे तर रेल्वे हवीच. आज तळोज्याचे कारखाने जवळचं जेएनपीटी बंदर आणि मुंबई-पुणे महामार्ग बघून जागा घेतात, तसाच तो विचार.

१० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे आणि त्या रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये हिचा नंबर लागतो.

लक्षात घ्या, कारखाना हलवणं हे आजही सगळ्यात अवघड काम मानलं जातं. त्या दिवसांत उत्पादन बंद असतं पण खर्च चालू असतो. एखादा साचा हरवला तर तो भाग पुन्हा बनवेपर्यंत सगळं अडतं. कुणीतरी प्रत्येक वस्तूची नोंद ठेवलेली असावी लागते आणि कुणीतरी पुढच्या महिन्याचे पैसे कुठून येणार ते बघत असावं लागतं.

माणसं हेच मॉड्यूल

इथेच या गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. ईआरपी विकत घेताना कंपनी विचारते, कोणकोणती मॉड्यूल हवीत? प्लॅनिंग, फायनान्स, प्रॉडक्शन, एचआर? किर्लोस्करवाडीत ही मॉड्यूल म्हणजे हाडामासाची माणसं होती.

• प्लॅनिंग आणि प्रशासन : रामुअण्णा. वसाहत कशी वसवायची, कोण कुठे राहणार, काय कधी बांधायचं, हे त्यांच्याकडे.
• अकाउंट्स : मंगेशराव रेगे. कारकुनीपासून मुख्य हिशोबनीसापर्यंतचं काम त्यांचं.
• सोबतीला : शंभुराव जांभेकर.
• इंजिनिअरिंग : अनंतराव फळणीकर. शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण यंत्रात डोकं जबरदस्त चालायचं.
• जिथे अडेल तिथे : के. के. कुलकर्णी. पडेल ते काम अंगावर घेणारा माणूस.
• सिक्युरिटी : शिक्षा भोगून आलेली दोन माणसं. त्यांना लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण सोपवली.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. ज्यांना गावात कुणी दारात उभं केलं नसतं त्यांच्याकडे कारखान्याची राखण. आणि शाळा सोडलेल्या माणसाकडे इंजिनिअरिंग. लक्ष्मणराव प्रमाणपत्र बघत नव्हते, काम बघत होते. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायला त्यांनी बंदी घातली. तो काळ १९१० नंतरचा आहे हे विसरू नका.

आता यात ईआरपी कुठे आलं? असं बघा. सगळे एकाच वाडीत राहणारे. सकाळी विहिरीवर, दिवसा भट्टीजवळ, संध्याकाळी ओट्यावर एकमेकांना भेटणारे. लोखंड संपत आलं तर ही बातमी हिशोबाच्या टेबलापर्यंत पोचायला मेमो लागत नाही. साच्यात खोट निघाली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं. २५ कामगारांच्या कारखान्यात माहिती अशी तोंडी, पण लगेच फिरते. आणि लपवून ठेवायची सोय नसते, कारण शेजारी दुसरा तोच रॅक बघत असतो.

हाच तो एक डेटाबेस. कागदावर नव्हता, पण सगळ्यांचा एकच होता.

कच्चा माल संपला तेव्हा

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. बाहेरून येणारं लोखंड मिळेनासं झालं, कोळशाची ओढाताण सुरू झाली. एकीकडे परदेशी नांगर येणं कमी झाल्यामुळे देशी नांगराला मागणी वाढलेली, दुसरीकडे नांगर ओतायला लोखंड नाही. म्हणजे ऑर्डर आहेत, कारागीर आहेत, साचे आहेत, भट्टी आहे आणि फक्त एक गोष्ट नाही म्हणून सगळं थांबतंय. कोविडच्या काळात चिप मिळेना म्हणून गाड्यांचे कारखाने अडले होते ना? अगदी तसंच.

त्या दिवसांत कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. किल्ल्यावर गंजत पडलेलं लोखंड शेतात गेलं.

ईआरपीच्या नजरेने बघितलं तर हा पर्यायी कच्चा माल शोधण्याचा मुद्दा आहे. सॉफ्टवेअर तुम्हाला वेळेआधी सांगेल की अमुक तारखेला लोखंड संपणार. चांगलं सॉफ्टवेअर दुसऱ्या पुरवठादाराची यादीही देईल. पण किल्ल्यावरची तोफ हा पुरवठादारांच्या यादीत कुणी टाकलेला पर्याय नसतो. तो माणसालाच सुचावा लागतो. मात्र तो सुचण्यासाठी हातात वेळ हवा, आणि तो वेळ मिळतो तुटवडा आधी कळला तर. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे.

वाडी मोठी होते

युद्धानंतर कारखाना वाढला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड अशी रीतसर कंपनी झाली. म्हणजे भागधारक आले, ताळेबंद आला, हिशोब आता घरचा राहिला नाही. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक निघू लागलं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. आधी ते कारखान्याची आणि मालाची खबर द्यायचं. पुढे तेच किर्लोस्कर मासिक झालं आणि त्याच घरातून १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिकं निघाली. तुमच्या आजीला विचारा, तिने नक्की वाचलेली असतील.

पत्रक काढावंसं का वाटलं असेल? वाडीतल्या सगळ्यांना आणि वाडीबाहेरच्या गिऱ्हाइकांना एकच बातमी एकाच वेळी पोचवायची असेल तर ओट्यावरच्या गप्पा पुरत नाहीत. माणसं वाढली की छापील कागद लागतो. पुढे कागदही पुरत नाही, तेव्हा कॉम्प्युटर लागतो.

मालही बदलत गेला. नांगर आणि कडबा यंत्रांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आली. १९२६ साली पंप आले. त्याच सुमारास लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर होऊन परतले. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पडले, शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही आणि नांगरांचा खप घटला. मग त्याच लोखंडातून फर्निचर बनवायला घेतलं. पुढे लेथसारखी मशीन बनवायला १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. १९४६ साली पुण्यात इंजिनांचा आणि बंगळुरूमध्ये विजेच्या यंत्रांचा कारखाना आला.

आता एका वाडीचे अनेक कारखाने झाले होते. विहिरीवर भेटून माहिती फिरण्याचे दिवस संपले होते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. ते गेले त्याच सुमारास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये एचईसी-टूएम हा कॉम्प्युटर बसवला जात होता. भारतातल्या पहिल्या कॉम्प्युटरांपैकी तो एक.

ईआरपी आलं कुठून?

लक्ष्मणरावांनंतर जगभर कारखान्यांसमोर हाच प्रश्न होता. कारखाना मोठा झाला, आता विभागांना पुन्हा एकमेकांशी बोलतं कसं करायचं? १९६४ साली अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीत एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, कॉम्प्युटरवर आलं. आपण वर केलेला ४०० बोल्टांचा हिशोब म्हणजे हेच. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी सॅप कंपनी काढली. हळूहळू हिशोब, पगार, विक्री सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आलं आणि १९९० साली गार्टनर या संस्थेने त्याला ईआरपी हे नाव दिलं.

आपल्याकडे छोट्या उद्योगांत बंगळुरूच्या टॅलीने घर केलं. २०१७ साली जीएसटी आल्यावर तर वहीवरचे अनेक दुकानदारही कॉम्प्युटरवर आले. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. ते तुम्ही स्वतः इन्स्टॉल करून शिकू शकता, लायसन्सचे पैसे लागत नाहीत.

मग तळोज्याच्या ट्रकचं काय?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. स्क्रीनवर २०० आणि रॅकवर ४० का?

बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं असतं. पाळीत घाई होती, कुणीतरी बेअरिंग उचलून लाइनवर नेली आणि नंतर एंट्री करतो असं ठरवलं. ते नंतर कधी आलंच नाही. किंवा खराब निघालेला माल बाजूला ठेवला, पण ओरडा बसेल म्हणून नोंद केली नाही. सॉफ्टवेअर लाखो रुपयांचं असो, त्याला रॅक दिसत नाही. त्याला फक्त तुम्ही टाइप केलेलं दिसतं.

किर्लोस्करवाडीत हे लपणं अवघड होतं, कारण सगळे एकमेकांसमोर होते आणि चुकीची बातमी सांगितली म्हणून माणूस वाया जाईल अशी भीती कमी होती. ज्याने शिक्षा भोगून आलेल्या माणसावर विश्वास टाकला, त्याच्याकडे जाऊन साचा बिघडला हे सांगणं जड गेलं नसावं. आजच्या कारखान्यात स्टोअरमधला मुलगा खरा आकडा टाकायला घाबरत असेल तर कुठलंही ईआरपी चालणार नाही.

म्हणून अशा कारखान्यात काम करणार असाल तर या चार गोष्टी लक्षात ठेवा :

१. वस्तू हलली की तेव्हाच नोंद. मोबाइलवर बारकोड स्कॅन करायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यासाठी थांबा.

२. बिल ऑफ मटेरियल एकदा प्रत्यक्ष माल मोजून तपासा. यादीत ८ बोल्ट आणि प्रत्यक्षात ९ लागत असतील तर पुढचा सगळा हिशोब चुकणार.

३. खराब मालाची नोंद लपवू नका. दर आठवड्याला तीच खोट येत असेल तर ते साच्याचं किंवा पुरवठादाराचं दुखणं आहे, आणि ते आकड्यांतूनच सापडतं.

४. आकडा विचित्र वाटला तर जागेवर जाऊन बघा. दोन वर्षं न विकलेल्या नांगराचं कारण गोदामात सापडलं नव्हतं.

आणि घरचाच छोटा कारखाना किंवा वर्कशॉप असेल, वडील किंवा काका अजून वहीत लिहीत असतील, तर लगेच महागडं सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागू नका. आधी एक काम करा. तुमच्याकडची एकच वस्तू घ्या आणि ऑर्डर आल्यापासून पैसे मिळेपर्यंत ती कुणाकुणाच्या हातातून जाते, कुठे लिहिलं जातं आणि कुठे लिहायचं राहतं ते एका कागदावर काढा. पनवेलसारख्या ठिकाणी, जिथे श्री धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ पासूनचा आहे, तिथे कितीतरी घरांत असे वहीतले हिशोब अजून असतील. त्या कागदावर जिथे लिहायचं राहतं तिथे खूण करा आणि मग वडिलांबरोबर बसून ठरवा की ती नोंद उद्यापासून कोण करणार. ते ठरलं की सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हा प्रश्न बराच सोपा होतो.